धाकलीचं गाणं

माझा गळा चांगला होता. हे मीच सांगते, कारण सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

आमचं गाव गुंजवण्याच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याशी. सगळी भाताची खाचरं. आषाढात भाताची रोपं उपटून चिखलात लावायची, त्याला आमच्याकडे आवणी म्हणतात. आज आमच्या खाचरात गावातल्या दहा-बारा बायका, उद्या आम्ही त्यांच्या खाचरात. एका रांगेत वाकायचं, रोपं लावत एकेक पाऊल मागं सरायचं. रांगेच्या टोकाला एक बाई गाणं सांगायची. ती ओळ टाकणार, बाकीच्या झेलणार, आणि ओळ संपली की पाऊल मागं. सांगणारी जशी चालवील तशी रांग चालते. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून ती सांगणारी मी होते.

एरवी घरात मला विचारत होतं कोण? सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. भाकरी करपली तरी त्यांच्या तोंडी माझं नाव, मांजरानं दूध सांडलं तरी माझंच. नवरा तर बोलेल तर शपथ. पण आवणीचे ते वीस-पंचवीस दिवस माझे. वरच्या आळीतून निरोप यायचा, "थोरलीला धाडा हां, ती न्हाई तर रांग हलायची न्हाई." त्या दिवसांत आत्याबाईसुद्धा माझ्या भाकरीवर चटणीचा गोळा जरा मोठा ठेवायच्या. वर्षभर मी त्या वीस दिवसांवर जगायची.

आणि मग धाकली आली.

धाकट्या दिराची बायको, भोरची. साठ सालानंतरची ती वर्षं. तिच्या वडिलांचं एसटी स्टँडजवळ चहाचं हॉटेल, आणि हॉटेलात रेडिओ. पोरीनं लहानपणापासून कपबशा विसळता विसळता सिनेमाची गाणी ऐकलेली. आमच्या गावात एकच रेडिओ, तो पंचायतीत, त्याच्याभोवती बाप्ये बसायचे. बाईमाणसानं तिकडं फिरकायचं नाही. तेव्हा आमच्या आळीला सिनेमाचं गाणं म्हणजे धाकली आणि धाकली म्हणजे सिनेमाचं गाणं.

आल्यावर चार दिवसांतच ती चुलीपुढं बसून गुणगुणायला लागली. मी म्हणाले, "हे काय गं रडगाणं सकाळच्या पारी?"

"सिनेमातलं हाय, आक्का. लई गाजलंय."

"गाजू दे. त्यात भाऊ न्हाई, म्हायेर न्हाई, सासूचा जाच न्हाई. मग गाणं कशाचं?"

ती हसली. दात मोत्यासारखे, ते पण मला खुपले. गाणं हिंदी. त्यात कुठलासा चांद होता आणि कुठलीशी खिडकी. आमच्या घराला तर खिडकीच नव्हती. आणि चाल अशी की सूर वर चढवायचा, चढवायचा, आणि शेवटाला एकदम खाली सोडायचा, विहिरीत बादली सोडल्यागत. शी! हे काय म्हणणं झालं, असं मला तेव्हा वाटायचं. ती गायला लागली की मी मुसळ जोरात आपटायची, नाहीतर भांडी घासायला घ्यायची. तिचं पहिलं कडवं संपतंय तोवर माझा आवाज तिच्यावर चढलेला असायचा. पुढचं मी कधी कानावर येऊच दिलं नाही.

त्या वर्षीची आवणी आमच्याच खाचरात सुरू झाली. डोक्यावर इरली, पाठीवर पाऊस, गुडघाभर चिखल. मी आधी रीतीप्रमाणे शेतातल्या देवाचं गाणं म्हटलं, मग भावाबहिणीचं धरलं. निम्मं खाचर लावून झालं आणि वरच्या आळीची एक म्हातारी म्हणाली, "ए भोरवाली, तुजं ते गाणं म्हन की जरा. पोरी सांगत्यात लई ग्वाड हाय म्हनून."

धाकलीनं माझ्याकडं बघितलं. म्हणजे पोरगी तशी रीतीची होती, हे कबूल करायला हवं. मी म्हणाले, "म्हण की बाई. तुझं तोंड कुणी धरलंय?" तोंडानं हे म्हणाले आणि हातातलं रोप चिखलात खचकन रोवलं.

तिनं गाण्याचं पहिलं कडवं धरलं. पहिल्यांदा सगळ्यांचे हात थांबले. मला बरं वाटलं, म्हटलं बघा, आता काम बोंबलणार. पण दुसऱ्या वेळेला बायकांनी शेवटची ओळ उचलली. शब्द कुणालाच कळत नव्हते, काहीबाही म्हणत होत्या, पण सूर खाली आला की सगळ्यांचं पाऊल एकदम मागं! रांग अशी सरळ चालली की माझ्या गाण्यावर कधी चालली नव्हती. दुपारच्या भाकरीनंतर मी आपली टोकाला जाऊन उभी राहिले, घसा साफ केला, तर सगळ्या धाकलीच्या तोंडाकडं बघतायत. कुणी मला "थांब" म्हणालं नाही, तसं म्हणायची गरजच नव्हती. दिवस मावळेस्तोवर बायकांनी तेच पहिलं कडवं तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं आणि मी मुक्यानं रोपं लावली. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. म्हटलं, कालची आलेली पोर, आणि माझे वीस दिवस घेऊन चालली!

एखादं खाचर लावून झालं की त्यात पाणी तुंबू नये म्हणून बांधाला एक तोंड मोकळं करून ठेवायचं. जादाचं पाणी त्यातून खालच्या खाचरात जातं. पाणी साचलं तर नवी रोपं मुळं धरत नाहीत, उपटून वर येतात. हे तोंड मोकळं करायचं काम माझं. दरवर्षी माझंच. त्या संध्याकाळी बायका धाकलीला मध्ये घेऊन गाणं घोळवत घराकडं निघाल्या आणि मी त्यांच्या मागून फणफणत निघाले. बांधाकडं मी वळलेच नाही. मुद्दाम नव्हे. पण रागाच्या भरात विसरले म्हणजे मुद्दाम केल्यासारखंच, असं मला आता वाटतं.

सकाळी आत्याबाईंची हाक घरापर्यंत आली. खाचर काठोकाठ भरलेलं, आणि आमची निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "काय पाप झालं गं हे?"

आणि मी, बाई, तोंड उघडलं. "देवाचं गाणं मधीच टाकून सिनेमाचं म्हटलं, आत्याबाई. आपल्या खाचरात असलं कधी झालंय? आता धरतीनं रोप ठेवावं तरी कसं?"

त्यांना ते पटलं. पटणारच. देवाधर्माचं म्हटलं की आत्याबाई जास्त चौकशी करत नसत. त्यांनी धाकलीला तिथंच बांधावर सुनावलं, "आजपास्नं आमच्या घरात आन् शिवारात त्ये सिनेमाचं गानं म्हनायचं न्हाई. शप्पत हाय माजी." धाकली खाली मान घालून "व्हय" म्हणाली.

मग आम्ही दोघी तरंगलेली रोपं गोळा करायला उतरलो. पाणी आधी उतरायला हवं होतं. धाकली बांधापाशी गेली, वाकली, चिखलानं बुजलेलं तोंड तिनं हातानं मोकळं केलं. पाणी धो धो खाली जायला लागलं. ती उभी राहिली आणि माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं होतं. मी आपली खाली वाकून रोपं वेचायला लागले. ती काहीच बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. ती आत्याबाईंपाशी जाऊन चहाडी करती ना, तर मला तिचा राग धरायला सोपं गेलं असतं.

माझी जागा मला परत मिळाली. उरलेली आवणी मीच चालवली. बायका ओळ झेलायच्या, पण झेलताना जीव कुठं होता? एकजण तर म्हणाली, "त्ये खाली येनारं व्हतं ना, त्याच्यावर हात बरा चालायचा." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि खरी गंमत पुढंच आहे. दिवाळीच्या सुमाराला मी एकदा जात्यावर बसले होते. ओवी म्हणता म्हणता माझ्या तोंडातून ते गाणं निघालं. अगंबाई! मी जिभेला चावा घेतला. दुसऱ्या दिवशी शेण काढताना पुन्हा तेच. आठवडाभर मी स्वतःवर चिडले. मग एकदा पाणवठ्यावर कुणी नाही असं बघून मुद्दाम म्हणून पाहिलं. वर चढले, पण खाली सोडताना माझा सूर गचका खाऊन पडायचा. तिचा कसा अलगद यायचा! तेव्हा मला कळलं, की हे सोपं नाही, आणि मला ते येत नाही. मग तर मी हट्टालाच पेटले. पाण्याला लांबच्या वाटेनं जायला लागले, एका हंड्याच्या जागी दोन खेपा घालायला लागले. होळीपर्यंत सूर जमला. ज्या दिवशी जमला त्या दिवशी मी एकटीच पाणवठ्यावर हसले, आणि मग रडले पण. इतकं ते गोड होतं. इतके दिवस ती पोरगी हे आम्हाला फुकट वाटत होती.

पण मला येत होतं ते पहिलं कडवं. पुढचं काय? पुढचं मी माझ्याच मुसळानं बुडवलेलं. पंचायतीवरून जाताना मी पावलं हळू टाकायची, पण रेडिओवर खताची आणि बियाण्याची माहिती चालू असायची. एकदाच, एकदाच ते गाणं लागलं. मी हंडा कमरेवर घेऊन भिंतीच्या आडोशाला थांबले. पहिलं कडवं झालं, आता पुढचं येणार, तेवढ्यात आतला एक शहाणा म्हणाला, "बंद कर रं त्यो आरडावरडा, बाजारभाव लाव." असा राग आला मला त्याचा! मग आठवलं, की हेच मी म्हणाले होते.

राहिली धाकली. ती समोर असायची, दिवसरात्र एका चुलीपाशी. भाकरी थापायची, पोरांना न्हाऊ घालायची, तोंडातून चकार शब्द नाही. आत्याबाईंची शपथ तिनं अशी पाळली की मला बघवेना. ते कडवं तिच्या पोटात आहे आणि माझ्या पोटात नाही, या एका गोष्टीनं मी तिचा जेवढा हेवा केला तेवढा ती गात होती तेव्हासुद्धा केला नव्हता. विचारायचं म्हटलं तर जीभ उचलत नव्हती. विचारणार कुठल्या तोंडानं? अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी आत्याबाई गेल्या. त्यांचं सुतक-पाणी सगळं झाल्यावर एकदा आम्ही दोघी वेल्ह्याच्या बाजाराला पायी निघालो होतो. आता शपथ घालणारं माणूसच नव्हतं. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "धाकले, ते तुजं गाणं. चांदाचं. पुढचं कडवं सांग की."

"कुठलं, आक्का?"

मी म्हणून दाखवलं. भर रस्त्यात, पहिलं कडवं पुरं म्हटलं, खाली सोडायची जागासुद्धा नीट घेतली. ती चालता चालता थांबली होती.

"किती ग्वाड म्हणता तुमी," ती म्हणाली. मग डोक्यावरची पाटी सारखी केली. "पुढचं इसरले म्या, आक्का. लई दिस झालं न्हवं."

आणि पुढं चालायला लागली.

मी मागून तिच्या पाठीकडं बघत चालले. ती खोटं बोलली असेल, मला द्यायचं नाही म्हणून पोटात ठेवलं असेल, तर तिचा मला हेवा वाटतो, आणि वाटत राहो. पण ती खरं बोलली असेल तर? एवढ्या वर्षांत मी देवापाशी बरंच काही मागितलं. ती पोरगी त्या दिवशी माझ्याशी खोटं बोलली असू दे, हेही मागितलं.