पोनीयेमची दाढ

माझी मोठी जाऊ पोनीयेम पाक दातानं ओळखायची. आमच्या डोंगरउतारावर सगळ्याच बायकांची तीच रीत. नारळाची नीरा चुलाणावर आटत आली की थेंबभर पाक गार पाण्यात टाकायचा आणि त्याची गोळी दाढेखाली धरायची. कट्कन तुटली तर कढई उतरवायची, चिकटली तर अजून जाळ घालायचा. असं दिवसातून वीस वेळा. पोनीयेमचा गूळ गावात सगळ्यांत उजवा. मी तिच्या शेजारच्याच चुलाणावर राबते, पण माझ्या गुळाचं नाव कुणी काढत नाही. सांगताना अजून पोटात दुखतं.

तिच्या त्या उजव्या दाढेत दाताच्याच रंगाचं सिमेंट भरलेलं होतं. दोनदा भरलं, दोनदा कडेनं किडलं. तिसऱ्या वेळी आरोग्य केंद्रातल्या दातांच्या डॉक्टर लेस्तारीबाईंनी तिच्या हातात आरसाच दिला.

“ही काळी रेघ बघा. सिमेंट किडत नाही, त्याच्या कडेचा दात किडतो. गोळी त्या फटीत चिकटून बसते, आणि तुम्ही तिच्यावर दुसरी ठेवता.”

“चूळ भरते की मी.”

“कधी?”

“काम उरकल्यावर.”

“म्हणजे संध्याकाळी.” बाईंनी कीड कोरून काढली, नवं सिमेंट भरलं. “दाताच्या भिंती पातळ झाल्यात. पुन्हा किडली तर दाढ काढावी लागेल.”

घर आलं तेव्हा पोनीयेम मला म्हणाली, “दाढ गेली तर मला पाक कळायचा नाही, कासिह. आणि राखायची तर तिच्यानं पाक बघायचा नाही. मग राखून काय लोणचं घालू तिचं?”

“डावीकडनं चाव ना, ताई.”

“तिकडं आहेत का दाढा? उगाच तोंड चालवू नकोस.”

दुसऱ्या दिवशी तिनं गोळी पत्र्याच्या झाकणावर टाकली आणि कान लावला. सवयीनं हात तोंडाकडं जायचा, म्हणून डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडावर बांधून घेतलं. पहिल्या कढईचा गूळ घट्ट झालाच नाही. दुसरीचा दगड झाला. माझे दीर सानमुर्जी हसले, “हा खायचा की भिंतीत बसवायचा?”

“तुमच्या डोक्यात घालायचा,” ती ओढणीच्या आतूनच म्हणाली आणि पुढची गोळी टाकली. कच्ची गोळी थप् वाजते, तयार गोळी टण्. मधले आवाज कळायला तिला दहा दिवस लागले. तोवर तिनं मला चुलाणापाशी बोलूसुद्धा दिलं नाही.

अकराव्या दिवशी मी म्हटलं, “कानानं कुठं गूळ होतो?”

“लाव पैज.”

एकाच बागेतल्या झाडांची नीरा दोन कढयांत घेतली. तिनं गोळी टाकली, ऐकली, कढई उतरवली. मी म्हटलं, घाई केलीस. माझी गोळी दाढेला चिकटलेली; ती जिभेनं सोडवेपर्यंत माझा पाक काळा पडला. तिचा गूळ साच्याच्या करवंटीतून अलगद सुटला, सोनेरी, खुटखुटीत. माझ्या गुळाला करपट वास. शेजारणी बघायला जमल्या. माझा संताप झाला, आणि ती जिंकली म्हणून आनंदही झाला. दोन्ही खरं.

वर्षानं तपासणीला गेलो. बाईंनी टोकदार आकडा दाढेच्या कडेनं सावकाश फिरवला. आकडा कुठंच अडकला नाही.

“कड अगदी सलग आहे. ही दाढ आता तुमचीच.”

पोनीयेम खुर्चीतून उठली आणि बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “राहिली माझी दाढ.” मग माझ्याकडं वळली. “आता हिला बसवा, बाई. ही अजून दातानंच पाक बघते.”

खोटं होतं ते. गेले आठ महिने ती बाजाराला गेली की मी तिचंच झाकण वाजवत होते. पण तसं कबूल करायला मी काय वेडी? मुकाट्यानं बसले, आ केला.

पोनीयेम माझ्या कानाशी वाकली. “झाकण धुऊन ठेवत जा, कासिह. मुंग्या लागतात.”