रोहिणी सासरी, नीला माहेरी

धर्मपाल सर जठारपेठेतल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवत. हृदयापासून रक्त दूर नेते ती रोहिणी, परत आणते ती नीला. आता धमनी आणि शिरा असंही म्हणतात, पण सर जुनी नावं सोडायला तयार नव्हते, कारण त्यांची युक्ती त्या नावांतच होती. फळ्यावर हृदय काढून ते म्हणायचे, "रोहिणी सासरी जाते," आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "नीला माहेरी येते!"

घरी त्यांची बायको माया यावरूनच त्यांची फिरकी घ्यायची. "नीला टायमावर येते. तुमी कवा येता?" शाळेपुढे सरांना घर आठवत नसे, हे काही खोटं नव्हतं.

पुढचा भाग सर सावकाश शिकवत. दिवसभर हृदयातून एवढं रक्त जातं, पण त्याची स्वतःची भूक त्यातून भागत नाही. त्याला पोसतात त्या बाहेरून आलेल्या दोन रोहिण्या. त्यांतली एखादी तुंबली, की हृदयाचा तेवढा भाग उपाशी मरायला लागतो. मग छाती दुखते, डावा हात भरून येतो. वीस वर्षं हेच.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी माया म्हणाली, "माहा डावा हात भरून आला जी. दाढबी ठणकून राहिली."

माया डावखुरी. आदल्या दिवशी तिनं घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन पिळल्या होत्या. हात दुखणारच, सरांना वाटलं. त्यांनी दंडाला तेल चोळलं, दाढेखाली धरायला लवंग दिली. "आज काही करू नको, पडून राह्य."

"लवकर या," ती म्हणाली. या वेळी ती थट्टा करत नव्हती. सरांना ते कळलं नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सरांनी वर्ग थांबवून घेतला. उजळणी रक्ताभिसरणाचीच होती. घरी पोचले तर शेजारच्या बेबीताई दारात रडत उभ्या. माया दुपारीच गेली होती, त्यांना आत्ता कळलं होतं. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काही त्रास होता का? सर खाली बघत म्हणाले, "हात भरून आला होता." आग लागो त्या शिकवण्याला, जे घरातच कामी आलं नाही.

यंदा तो धडा आला. मुख्याध्यापक म्हणाले, तास दुसऱ्या कुणाला देतो, पण सरांनी नको म्हटलं. शिकवता शिकवता ते डाव्या हातापर्यंत आले आणि प्रणाली उठली. ती डाव्या हातानं लिहायची.

"सर, डावखुऱ्या माणसाचा उजवा हात दुखते का?"

सरांनी खडू खाली ठेवला. "नाही बेटा. त्याचाबी बहुतेक डावाच. कवा कवा नुसता जबडा, नाही तर पाठ. काम करून दुखला असंन म्हणून तेल चोळत बसू नका. दवाखान्यात न्या. मी तेल चोळलं."

वर्गाला सगळं कळलं. सर खडू उचलून म्हणाले, "रोहिणी सासरी जाते."

"नीला माहेरी येते," पोरं हळूच म्हणाली.

हल्ली शाळा सुटली, की सर थेट घरी जातात, अगदी टायमावर. कुलूप त्यांनाच उघडावं लागतं.