सावध साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस पोलादपूर तालुक्यात झाला नाही, हे मी कुणाहीसमोर सांगेन. आंबेनळी घाटात एसटी शिरली की ते ड्रायव्हरच्या मागे उभे राहून स्वतः रस्ता बघत. डॉक्टरांनी दिलेली गोळी दोन दुकानांत दाखवल्याशिवाय गिळत नसत. पासबुक छापून घेतल्यावर बँकेतल्या कारकुनाला विचारत, "मशीन नीट जागं होतं ना?"

अशा माणसाला निवृत्तीनंतर कुणीतरी शेअर्सच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं. तिथे एक मॅडम सल्ले देई. साडूंनी भीत भीत पाच हजार टाकले. त्यावरचा नफा खरोखर हातात पडला आणि जन्मभराची सावधगिरी तिथेच संपली. हळूहळू सहा लाख तिथे गेले. अ‍ॅपवर, म्हणजे मॅडमनेच फोनवर घालायला लावलेल्या, त्यांचे अठरा लाख दिसत होते. काढायला गेले तर मॅडम म्हणाली, आधी दीड लाख कर भरा.

ते कापड्याहून महाडला माझ्याकडे आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. "भाऊ, हिचं सोनं गहाण ठेवलं तर दीड लाख मिळतील?"

मी त्यांचा फोन हातात घेतला. मॅडमने दिलेला नोंदणी क्रमांक शेअर सल्लागारांच्या सरकारी यादीत शोधला, तर तो दुसऱ्याच कुणाचा. "कर सरकारला भरतात, कुणा बाईच्या खात्यात नाही," मी म्हणालो. तिथूनच सायबर मदतीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं आणि पोलीस ठाणं गाठलं. हवालदार म्हणाले, "त्यांना आता उत्तर देऊ नका, पण मेसेज एकही पुसू नका." साडू माझ्या कानात कुजबुजले, "मलाच आत घेतील का हो?"

त्यांना खरी भीती बायकोची होती. चार दिवस त्यांनी घरात सांगितलं नाही. पाचव्या दिवशी सकाळपासून त्यांचा फोन बंद. नको नको ते मनात येऊन मी रिक्षा करून कापड्याला धावलो. घराला कडी. मागे गेलो तर दोघं शेताच्या बांधावर बसलेली. साडूंचे डोळे लाल. मेव्हणी शांतपणे म्हणाली, "सहा लाख गेले म्हनतात. मी म्हटलं, तुमी हाय ना? मग चला जेवायला."

बँकेने एका खात्यात ऐंशी हजार अडवून ठेवलेत. ते कदाचित मिळतील. बाकीच्या पैशांची आशा नाही. मध्ये एकाने फोन केला, फी भरा, गेलेले पैसे काढून देतो. साडूंनी तो नंबर निमूटपणे पोलिसांना दिला.

परवा त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "ती बाई रोज सकाळी विचारायची, काका, चहा घेतलात का. पोरं मुंबईत, त्यांना कुठला वेळ." मी उगाच शेतातल्या भाताची चौकशी केली.