पदराखालची मेंदी

माझे केस विशीतच पांढरे झाले, म्हणून ते काळे करण्यात माझा हात बसला होता. लोखंडी कढईत रात्रभर भिजलेली मेंदी आधी लावायची, ती धुऊन काढली की वर निळीच्या वाटलेल्या पाल्याचा लेप. नुसत्या मेंदीनं पांढरा केस शेंदरी होतो, त्यावर नीळ चढली की काळाभोर. लातुरात आमच्या गल्लीत हे दुसऱ्या कुणाला जमत नसे. काकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईसुद्धा, डोकं घेऊन माझ्यापुढेच येऊन बसायच्या.

त्या वर्षी दुष्काळ होता आणि लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. काकूंचा मुलगा नव्या जिल्हा कचेरीत कारकून लागला, तेव्हापासून काकूंचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्याच सुमारास बिलोलीहून माझ्याकडे राहायला आलेल्या धाकट्या बहिणीला रेणापूरचं स्थळ आलं. पसंती झाली, बोलणी झाली. काकूंनी त्या लोकांना परस्पर गाठून सांगितलं, "बिलोलीच्या त्या घरातल्या पोरी अवेळी पिकत्यात. थोरलीचं डोकं बघा की, नुसता निळीचा रंग हाय. उद्या नातवंडंबी तशीच निपजतील." स्थळ मोडलं. बहिणीच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. माझ्या केसांची शिक्षा तिला झाली. मी जाब विचारला तर काकू म्हणाल्या, "खरं तेच सांगितलं. त्यात काय झालं?"

मी मनात डूख धरला.

पुढे काकूंच्या मुलाचा साखरपुडा ठरला. निलंग्याची माणसं येणार त्या सकाळी काकू काही घडलंच नाही अशा आल्या. "चल गं, डोकं काळं करून दे. आमच्यात केस पिकत न्हाईत म्हणून सांगून बसले मी त्यांना." त्यांच्या निर्लज्जपणाचं मला आजही नवल वाटतं. मी मेंदी लावली, धुतली आणि रिकामा हंडा उपडा करून दाखवला. "पाणी संपलं, काकू. आता नीळ कशात कालवू न् कशानं धुऊ? टँकर आलाच न्हाई." भरलेल्या दोन घागरी मी पहाटेच धान्याच्या कोठीआड सरकवल्या होत्या. त्या दिवसांत शेजारी पाणी मागायची सोय नव्हती. काकूंनी आरशात आपलं शेंदरी डोकं पाहिलं, मला शिव्या घातल्या, मग म्हणाल्या, "जाऊ दे. पदर हाय की डोक्यावर."

घाईत त्या एक गोष्ट विसरल्या. आमच्यात साखरपुड्याला मुलीची आई विहिणीच्या केसांत स्वतःच्या हातानं गजरा माळते.

गजऱ्याचं तबक माझ्या बहिणीच्या हातात होतं. विहीणबाई गजरा घेऊन पुढे झाल्या तशी काकूंनी पदर गच्च धरला. "ऱ्हाऊ द्या, हातात द्या."

"असं कसं? थांबा, मी धरते," म्हणत बहिणीनं तबक खाली ठेवलं आणि तो पदर थेट खांद्यापर्यंत उतरवला. मी तिला काही शिकवलं नव्हतं.

"आगं बया!" विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्यात पिकत न्हाईत ना? मग आमच्या नातवंडांचं कसं हो?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. लग्न मोडलं नाही, ते मला मोडायचंही नव्हतं. काकूंचा चेहरा मात्र मी डोळे भरून पाहून घेतला.

पाहुणे गेल्यावर काकू माझ्या घरी धावून आल्या. "चारचौघांत शोभा केलीस माझी!"

"खरं तेच दिसलं, काकू. त्यात काय झालं?" मी म्हणाले. मग कोठीआडच्या दोन्ही घागरी त्यांच्यादेखत बाहेर काढल्या आणि बहिणीला न्हायला बसवलं.