पूजेतली रायफल

बाबा फौजेतून रिटायर झाले आणि आम्ही नोएडात घर बांधलं. लष्कराने मोडीत काढलेली रायफल त्यांनी लायसनवर घेतली होती. तिचा तडकलेला दस्ता काढून त्यांनी शिसवीचा नवा दस्ता हाताने घडवला आणि खंडेनवमीला ती पूजेत मांडली.

त्याच दुपारी प्लॉट बळकावायला आलेल्या गुंडाने आईचा हात पिरगाळला. मी रायफलकडे धावलो.

"पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नाही," बाबा ओरडले. असल्या वेळी कसला नियम? पण त्यांनी कोपऱ्यातला जुना दस्ता उचलला आणि गुंडाचा जबडा फोडला. तो पडल्यावरही, दस्ता रक्ताने लाल होईपर्यंत ते मारतच राहिले.

पुढच्या खंडेनवमीला आईने तो जुना दस्ताही पूजेत मांडला. कुंकू फक्त रायफलला लावलं.

"याला?" मी विचारलं.

"त्याला लागलेलं आहे," ती म्हणाली.