वर्गातली मागची खुर्ची

"गुरुजी, बाई पुढचा प्रश्न इचारनात," सातवीची मॉनिटर माझ्या वर्गाच्या दारात येऊन म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती, भीती नव्हती. मी गेलो. शांताबाई वर्गाच्या मागे, खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसलेल्या होत्या. मान किंचित कललेली... मॉनिटर सोडली तर सगळ्या मुली फळ्याकडे तोंड करून नीट बसल्या होत्या. एकीनेही मागे वळून पाहिले नव्हते. बाई गेल्या त्याला आता काही आठवडे लोटले, तरी माझे मन त्या उंबरठ्यावरून हललेले नाही.

शिक्षिका वर्गाच्या मागे बसून शिकवते, हे वाचकांना विचित्र वाटेल. म्हणून त्याचे कारण क्रमाने सांगतो. गावाचे आणि एका मुलीचे नाव मात्र सांगणार नाही.

ही मुलगी तेव्हा तिसरीत, शांताबाईंच्याच वर्गात होती. शेजारच्या एका दुकानदाराने तिच्यावर अत्याचार केला. घरच्यांनी घाबरून काही दिवस तोंड उघडले नाही. त्यामुळे डॉक्टरी तपासणीतून फारसे निघाले नाही आणि सारा खटला तिच्या एकटीच्या साक्षीवर उभा राहिला. परभणीच्या कोर्टाच्या पायरीवर ती बाईंना बिलगून म्हणाली, "तुमी समोर बसा, मंग मी सांगते." बाई समोरच्या बाकावर बसल्या, शेजारी मी. पोरीने हाताची घडी घातली, आणि वर्गात पाहायची तसे, प्रत्येक उत्तराआधी एकदा बाईंच्या तोंडाकडे पाहिले. बाईंनी पापणीही हलवली नाही. न्यायाधीशांनी 'साक्षीदार उत्तर देण्यापूर्वी शिक्षिकेकडे पाहते' अशी नोंद घेतली, तरी तिच्यावर विश्वास ठेवला. त्यांनी तिचा चेहरा पाहिला होता. आरोपीला शिक्षा झाली.

मग हायकोर्टात अपील झाले. अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा उभा राहत नाही. तिथे पोचतो तो कागद. लहान मुलाच्या एकट्या साक्षीवरही शिक्षा टिकू शकते, पण ते पढवलेले नाही अशी खात्री पटावी लागते. नोंदीतल्या त्या एका ओळीने ती खात्री पुसून टाकली. संशयाचा फायदा मिळून तो माणूस सुटला. वकील निकाल समजावत होते आणि मुलीचा बाप बाईंकडे बघत राहिला. "म्हंजे बाई, तुमी समोर बसल्या म्हणून? येवढ्यासाठी?" तेवढ्यात पोरीने विचारले, "बाई, माझं उत्तर चुकलं का?"

बाई खाली बसल्या, तिच्या उंचीला आल्या. "न्हाई गं बाळा. तुझं उत्तर बरोबर होतं. माझी जागा चुकली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलून मागे नेली. मी थट्टेने म्हणालो, "बाई, मागच्या बाकावर नाव घातलंत की काय?" त्या हसल्या नाहीत. "गुरुजी, माझं तोंड बघून बोलायची सवय मीच लावली. आता मीच मोडणार." सुरुवातीला मुली माना वळवत. बाई म्हणत, "माझ्या तोंडावर काय लिवलंय? तुला ठाऊक हाय ते सांग." हळूहळू माना वळायच्या थांबल्या... इतक्या, की बाई गेल्या तेव्हाही वळल्या नाहीत.

आता सातवीचा वर्ग माझ्याकडे आला आहे. पहिल्या तासाला मी सवयीने फळ्यापाशी उभा राहून प्रश्न विचारला. दुसरीच एक मुलगी उठली, हाताची घडी घातली आणि उत्तराआधी तिने माझ्या तोंडाकडे पाहिले... परभणीच्या कोर्टातली तीच नजर.

"गुरुजी," मॉनिटर म्हणाली, "तुमी मागं जा की. बाई मागं बसायच्या."

मी गेलो. खुर्चीत बसण्याचे धैर्य झाले नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो आणि प्रश्न पुन्हा विचारला. एकही वेणी हलली नाही. ती मुलगी रिकाम्या फळ्याकडे पाहत बोलू लागली.