अळणी शांतता

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर माफ करा. पण राग जात नाही, म्हणून लिहितो.

साताऱ्याला मी प्राणिशास्त्र शिकतो. मटणाच्या दुकानातून बर्फात आणलेल्या बकऱ्याच्या मेंदूचा पातळ काप द्रावणात ठेवायचा आणि तो किती ऑक्सिजन घेतो ते मोजायचं, हा माझा प्रयोग. द्रावणातलं सोडियम काढून दुसरा क्षार घातला की काप ऑक्सिजन कमी घ्यायचा. आत शिरलेलं सोडियम बाहेर फेकण्यात पेशींचा बराच ऑक्सिजन खर्च होतो; सोडियमच नसेल तर ते कामही नाही. घरी हे सांगितलं नव्हतं. आम्ही जैन, घरात अंडंसुद्धा येत नाही.

पर्युषणात सांगलीजवळ गावी गेलो. आत्यानं व्रत म्हणून मीठ सोडलं होतं. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच. ती लघवीवाटे मीठ काढते. आत्या भिंतीला टेकून गप्प बसलेली. तिनं मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. शेजारणी तिच्या पाया पडत होत्या.

"ध्यान लागलंय तिला," काका म्हणाले.

"ध्यान न्हाई काका, सोडियम कमी झालं असणार. दवाखान्यात न्यूया."

"कशावरनं रं? डाक्टर झालास व्हय?"

मी प्रयोग सांगितला. बशीतला काप आणि माणसाचं डोकं एक नव्हे, सोडियम घटलं की डोक्यात सूजही येते, हेही सांगत होतो. बकऱ्यापुढचं कुणी ऐकलंच नाही.

"बकऱ्याचा मेंदू चिरून आलास आन् आमाला व्रत शिकवतोस? आधी अंघोळ कर जा."

व्रताबद्दल माझी तक्रार नाही. आत्यानं ते मनापासून धरलं होतं. पण आत्या माणसं ओळखेना आणि हे हात जोडून उभे! मी रिक्षा आणली, काकांनी ती दारातनं परत पाठवली.

आईनं मला घरामागच्या परड्यात नेलं. "तू हितं हाइस तवर ते हट्ट सोडायचे न्हाईत. तू जा. मी नेते तिला."

दातओठ खात एसटीत बसलो. साताऱ्यात पोचलो तरी फोन नाही. दुसऱ्या दिवशी, प्रयोगशाळेत असताना, आईचा आला.

"सांगलीला आणलंय. वाटंत फिट आली तिला. सोडियम लय कमी होतं म्हणत्यात. सलाईन लावलंय, आता ओळखतीया."

"आणि काका?"

"भाईर बसल्यात. येईल त्याला सांगत्यात, व्रतानं तारली म्हणून."